एक चिंचोका जास्त

मैदानाची एक फेरी तीनशे ऐंशी मीटर.
टेप खात्याची, एक टोक माझ्या हातात,
दुसरं रामसजीवन इस्त्रीवाल्याच्या पोराकडे.
मध्ये एक कुत्रं झोपलेलं. त्याला वळसा घातला,
तोही मोजला.

मी जलखात्यातला मीटर रीडर.
एकतीस वर्षं वाकून काचेवरची धूळ पुसतो
आणि लोकांनी किती पाणी वापरलं ते लिहून घेतो.
चालण्यात हयात गेली; पळणं म्हणजे
त्याचीच थोडी घाई, असं वाटलं होतं.

वहीत नावं:
रामसजीवन, फेरीमागे दोन रुपये.
केकवाल्या डिमेलो बाई, पाच.
बावीस नंबरचे सेक्रेटरी, पन्नास,
पण शंभराच्या पुढच्या फेऱ्यांनाच.
ज्याने पाचशे म्हटलं
त्याचा फोन तेव्हापासून बंद.

पैसे दुसऱ्या मशीनसाठी.
दवाखान्यात एकच आहे, रात्रंदिवस चालतं,
म्हणून कुंदा पेडणेकरची पाळी रात्री दोनची.
आठवड्यातून तीनदा, चार-चार तास
तिचं रक्त नळीतून बाहेर जाऊन
फेरी मारून परत येतं.
"तुला निदान मैदान दिसतं," ती म्हणाली.

मोजायला तीच बसली. जागायची सवय आहे.
तेवीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत,
संध्याकाळच्या हिशेबात एका पैशाचा फरक नाही.
दोन वाट्या, दीडशे चिंचोके, शेजारी कळशी.
दर पाचव्या फेरीला पेला पुढे करायची, काठोकाठ.
तिला स्वतःला दिवसाचं पाऊण लिटर,
त्यातच चहा, त्यातच आमटी.
मी घटाघटा प्यायचो, अर्धं छातीवर.
बाराव्या पेल्याला दिसलं:
ती सांडलेल्याकडे बघतेय.
एकतीस वर्षांत असा मीटर वाचला नव्हता.
पुढे थेंब सांडला नाही.

दहापर्यंत गर्दी, शिट्ट्या, कुणीतरी पोहे आणलेले.
मग कन्नमवार नगरातले दिवे एकेक करून झोपले.
हायवेवर ट्रक. खाडीकडून चिखलाचा खारट वास.
कुत्रं उठलं, अर्धी फेरी माझ्याबरोबर आलं,
त्याला त्यात काही अर्थ दिसला नाही.

तीन वाजता पोटरीत गोळा आला.
मी मातीत बसलो, लाज वाटेल असा ओरडलो.
तिने धीर दिला नाही.
"बस," म्हणाली, "नळी वाकली की माझंही मशीन बोंबलतं.
सिस्टर येते, सरळ करते, परत चालू."
आणि माझा अंगठा धरून मागे ओढला,
पार्सलची सुतळी आवळावी तसा.

सहा वाजले. वाटी रिकामी.
टाळ्यांना तीन माणसं, त्यातला एक दूधवाला.
"दीडशे," ती म्हणाली.
"एकशे एकोणपन्नास."
मीही मोजतो. आकड्यांवरच पोट आहे माझं.

ती वाटीत बघत राहिली.
"तू बसला होतास ना, तेव्हा एक सरकवला.
असाच. आयुष्यात पहिल्यांदा."

रामसजीवनचे दोन रुपये. डिमेलो बाईंचे पाच.
सेक्रेटरींचे पन्नास घ्यायला माझी हरकत नव्हती.

सगळे मिळून एक लाख अकरा हजार होणार होते.
मशीन सात लाखांचं.
वेळ संपलेली. तरी उठलो.
तीही उठली. "चालतच जाऊ," म्हणाली,
आणि आधाराला डावा हात दिला,
सुया टोचून टोचून दोरखंडासारखी शीर झालेला.
मी हलकेच धरला. कातडीखाली
काहीतरी गुणगुणत होतं,
न थांबता पळत होतं.

गोलपोस्टपाशी कुत्रं नव्हतं.
तरी आम्ही वळसा घातला.
मोजलेला होता.